घाईचा बाजा

आमच्या घरी बाजा आला तो हातठेल्यावरून, पांढऱ्या चादरीत गुंडाळून, आणि त्याच्या मागून नाना पगडी काढून, मान खाली घालून चालत होते. पगडी घामामुळे काढली होती आणि मान ठेल्याचं चाक दगडावर चढू नये म्हणून खाली होती, पण पाटणकर बाजारातल्या दोन दुकानदारांनी तेवढ्यावरून हात जोडले, आणि समोरच्या काकूंनी तर धावत येऊन आईला विचारलंच, "कोण गेलं हो?" आई म्हणाली, "कोणी गेलं नाही, आलंय." चादर सोडली तेव्हा आत शिसवी पेटी, पितळी कर्णा आणि खोकाभर तवे निघाले. तवे म्हणजे तबकड्या. ग्वाल्हेरला आम्ही मराठी घरातसुद्धा तवाच म्हणायचो आणि ग्रामोफोनला बाजा. पुण्याकडचे पाहुणे यावर हसत. हसोत बापडे. नाना दरबारच्या जंगलखात्यात कारकून होते आणि त्यांचे एक मामेभाऊ एका सरदारांकडे कारभारी. सरदारांनी रेडिओ घेतला, त्यामुळे बाजा अडगळीत गेला आणि अडगळीतून आमच्याकडे. सरदारांच्या अडगळीवर आमच्या घराची अर्धी शोभा उभी होती.

मी तेव्हा इंटरला एकदा आपटून दुसऱ्यांदा आपटण्याची तयारी करत होतो. त्या वयात मला स्वस्थ बसणं म्हणून ठाऊक नव्हतं. जेवताना मांडी हलायची, पूजेत बोटं वाजायची, आणि हाताला खिळा, स्क्रू, कडी, जे काही फिरतं ते लागलं की फिरवल्याशिवाय चैन पडायचं नाही. घरातली दोन घड्याळं माझ्या हातून स्वर्गवासी झाली होती. त्यात आमचं गाव म्हणजे सगळंच सावकाश. टांगेवाला घोड्याला विचारून निघायचा. छोट्या लाइनीची गाडी इतकी हळू जायची की लोक उतरून ककडी विकत घेऊन परत चढायचे. उन्हाळ्यात तर दुपार संपायचीच नाही. बाहेर लू भणभणते आहे, दारावर वाळ्याची ताटी ठिबकते आहे, आई पन्ह्यासाठी कैऱ्या उकडते आहे, आणि मी या खोलीतून त्या खोलीत पिंजऱ्यातल्या मुंगसासारखा फिरतो आहे. मला वाटायचं, कुठेतरी काहीतरी जोरात चाललंय आणि मी तेवढा इथे अडकलोय. आता या वयात उठून बसायलाच पाव तास लागतो तेव्हा त्या मुंगसाचा हेवा वाटतो, ते सोडा.

तर बाज्याच्या फिरत्या चकतीशेजारी एक लहानसा काटा होता. एका बाजूला इंग्रजीत 'मंद', दुसऱ्या बाजूला 'जलद'. आता मला सांगा, असा काटा माझ्यासारख्याच्या हाताशी ठेवल्यावर मी तो कुठल्या बाजूला सरकवणार? पहिल्या आठवड्यात थोडा, मग आणखी थोडा, मग टोकापर्यंत. हे काम इतकं बेताबेतानं झालं की घरात कोणाच्या कानाला खटकलंच नाही. उलट सगळे खूश. आईला सिनेमातल्या बायकांचे आवाज "कसे कोवळे, साखरेसारखे" वाटू लागले. नानांना गाणं मुळातच सोसत नसे, त्यांना ते लवकर आटपतं याचं समाधान. खोक्यात इंग्रजी वाद्यवृंदाचेही काही तवे होते. त्यात पन्नाससाठ व्हायोलिनं एकदम उठायची आणि कुठेतरी तुटून पडायची. नाना कपाळाला हात लावून म्हणायचे, "हे लोक लढाईला निघालेत का आग लागलीय?" मला मात्र ते तवे फार आवडायचे. कोणीतरी माझ्याइतकंच अस्वस्थ आहे, आणि तेही सात समुद्रांपलीकडे, याचा मोठा धीर वाटायचा. मी एक जुनं फिडल मिळवलं होतं आणि त्या तव्यांबरोबर ते घासत बसायचो. फिडलची वरची तार तव्याच्या सुराला मिळवायला गेलं की तट्कन तुटायची. मी स्टेशनाकडच्या पडाव भागातल्या दुकानदाराला शिव्या द्यायचो, की तो तारा शिळ्या देतो.

पण बाज्याची खरी मालकीण अक्का. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, उंच, सावळी, आणि आवाज असा जाड की दारातून "कोण आहे?" म्हणाली तर दूधवाला "बाबूजी" म्हणून उत्तर द्यायचा. खोक्यातले नाटकाच्या पदांचे तवे तिनं वेगळे काढून जुन्या पैठणीच्या तुकड्यात बांधून ठेवले होते. नाटक कंपनी आमच्या गावी येई तेव्हा आम्हाला कोणी नेत नसे, त्यामुळे नाटक म्हणजे आमच्या लेखी तो कर्णा. अक्का कर्ण्याच्या तोंडाशी, जवळजवळ आत डोकं घालून बसायची. भाकरी भाजताना, निवडताना, माझ्या डोक्यात टपली मारताना ती तीच पदं म्हणायची. तव्याबरोबर म्हणताना आवाज वर चढेना, मग ती गळा चिमटून, मानेच्या शिरा फुगवून तो चढवायची. आई म्हणायची, "अगं, गातेस की विहिरीतून पाणी काढतेस?" अक्का म्हणायची, "तव्यातली बाई चढते ना, मग मला का चढत नाही?" तिला गाणं शिकायचं होतं. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, म्हणजे फक्त मला, आईला, काकूंना आणि दूधवाल्याला सांगितलं होतं.

त्या चैत्रात झाशीचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत, दिसायला नीटनेटका, माणसं अदबशीर. नाक मुरडावं असं काही नव्हतं, हीच अडचण. त्यांची पत्रिका जुळली, फोटो पसंत झाला, आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत होकार कळवा असा निरोप आला. पत्रिका न्यायला आले होते तेव्हा जाताजाता मुलाच्या वडिलांनी हसत हसत एवढंच सांगितलं होतं, की आमच्याकडे गाणंबजावणं कोणाला चालत नाही, तेवढं मुलीला समजावून ठेवा. ते ऐकून अक्का दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी नानांसमोर जाऊन उभी राहिली. "मला मोघेबुवांकडे शिकायचंय. त्यांनी ठेवून घेतलं नाही तर तुम्ही म्हणाल तिथे जाईन." मोघेबुवा कंपू मोहल्ल्यात राहत. गाणं त्यांच्या घरात तीन पिढ्यांचं, शिष्य मोजके, जीभ तिखट. नाना माणूस वाईट नव्हते. ते बराच वेळ अडकित्त्याशी खेळत बसले आणि मग म्हणाले, "एकदा. बुवा एकदा ऐकतील. हो म्हणाले तर झाशीला नाही कळवतो. नाही म्हणाले तर पुन्हा हा विषय नको." अक्कानं तिथल्या तिथे त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. बुवा हो म्हणणार याबद्दल तिला शंका नव्हती. मला तर मुळीच नव्हती. मीच तिची तयारी करून घेत होतो ना! रोज दुपारी बाज्याला चावी देऊन मी शिकवणीला बसायचो. "तव्यासारखंच्या तव्यासारखं आलं पाहिजे," असा माझा दंडक. "काना-मात्रेचा फरक नको."

बुवा आले ते संध्याकाळी, स्वतःची पेटी एका शिष्याच्या खांद्यावर आणि तबला दुसऱ्याच्या काखेत देऊन. आईनं बेसनाचे लाडू आणि ताज्या कचोऱ्या ठेवल्या; बुवांनी दोन्हींना न्याय दिला, हात पुसले आणि पेटीवर बोटं ठेवून विचारलं, "पट्टी कोणती, पोरी?" अक्काला पट्टी कुठली माहीत असायला. तिच्या कानात तवा होता. तिनं डोळे मिटले आणि तव्याच्या सुरातच पद उचललं. बुवांची बोटं पेटीवर वर वर सरकत तिला शोधत गेली. "पांढरी पाच!" ते पुटपुटले. "अरे वा, इतक्या वरून! हिंमत आहे." पुढे जे झालं ते आठवलं की आजही माझे कान गरम होतात. अक्का धावतच सुटली. तबल्यावरचा शिष्य बिचारा मागे लागला, त्याला ती काही सापडेना. अंतऱ्यात आवाज किंचाळला, फाटला. तिनं पुन्हा चिमटून तो वर नेला. "अगं, हळू, कोणी पाठीस लागलंय का?" बुवा म्हणाले, पण ती थांबते कशाला. आणि मग ऐन अंतऱ्याच्या मधोमध, शब्द अर्धा टाकून, ती एकदम गप्प झाली. हात मांडीवर. शांत. बुवा वाट पाहतात, तबलजी वाट पाहतो, नाना बुवांकडे पाहतात.

"का थांबलीस?" बुवांनी विचारलं.

अक्का म्हणाली, "इथे तवा उलटायचा असतो."

लांब पद असलं की अर्धं एका बाजूला आणि अर्धं दुसऱ्या बाजूला भरलेलं असे. मी दंडक घातला होता ना, तव्यासारखंच्या तव्यासारखं! तबलजी हसला. बुवा हसले नाहीत, ते जास्त वाईट झालं. त्यांनी पेटीचा भाता बंद केला आणि नानांना म्हणाले, "नाना, पोरीला सुराची हौस आहे, पण गळा बारीक आणि कचकड्याचा. ओढून ओढून काढलेला आवाज आहे, वर्षभरात बसेल. आणि लय म्हणाल तर घोड्यावर. बाज्यानं बिघडवलेली ही पोरं. माझ्यानं नाही व्हायचं." जाताना त्यांनी अक्काच्या डोक्यावर हात ठेवला. अक्का आत गेली, पैठणीच्या तुकड्यात तवे बांधले आणि माळ्यावर टाकले. "आता तुझा बाजा तूच वाजव," ती मला म्हणाली. रडली असती तर बरं वाटलं असतं. ती कचोऱ्यांची ताटं घासायला बसली.

नंतरचे दिवस मी घरात थांबूच शकत नव्हतो. आई लग्नाच्या फराळाच्या सामानाच्या गोष्टी काढायची, नाना झाशीला लिहायचा मजकूर मनात जुळवत येरझाऱ्या घालायचे, अक्का कोणाशी बोलायची नाही. मी सायकल काढून निघायचो ते वाट फुटेल तिकडे. असाच एका सकाळी पडावला स्टेशनजवळच्या एका चहाच्या हॉटेलात जाऊन बसलो. मालक गल्ल्यामागे पंखा हलवत बसलेला, समोर बाकांवर आग्र्याच्या गाडीची वाट बघणारे लोक, आणि कोपऱ्यात बाजा. त्यानं एक तवा लावला. ते सिनेमातलं गाणं आमच्या घरीही होतं, मला तोंडपाठ. पण आत कोणीतरी बाई झोपेत गात होती. आवाज जाड, चाल रेंगाळलेली. मी दोन मिनिटं सोसलं, मग मला राहवेना.

"पंडितजी, आपका बाजा बिगड़ा हुआ है," मी म्हणालो. "चाबी कम है. बहुत धीरे चल रहा है."

"चाबी पूरी है," तो म्हणाला.

"तो फिर मशीन खराब है. ये गाना ऐसा नहीं है."

आता मुकाट चहा प्यायचा तर मी उठून त्याच्या बाज्यापाशी गेलो, काटा शोधला आणि जलद बाजूला ढकलला. तीच आमच्या घरची बाई लागलीच गाऊ लागली, कोवळी, साखरेसारखी. "ये देखिए!" मी विजयानं मागे वळलो. बाकावरचे सगळे लोक पोट धरून हसत होते. एक म्हातारा तर खोकायला लागला. मालकानं पंखा खाली ठेवला. "भैया," तो म्हणाला, "दिल्ली से झाँसी तक हर होटल में ये तवा ऐसे ही बजता है. तुम्हारे यहाँ क्या गिलहरियाँ गाती हैं?"

त्या खारींवरून मी त्याच्याशी आणखी थोडा भांडलो, कारण भांडण संपलं असतं तर विचार करावा लागला असता. पण सायकलवर बसल्यावर विचार आलाच. फिडलच्या तुटलेल्या तारा आठवल्या. अक्काच्या मानेच्या शिरा आठवल्या. तव्यातली बाई चढते, मग मला का चढत नाही? अरे, तव्यातली बाई चढतच नव्हती! तिला मी चढवली होती, एका बोटानं. इंग्रजांचे ते पन्नाससाठ वादकही कदाचित निवांत बागेत फिरत असतील आणि मी त्यांना लढाईवर पाठवत होतो. घरी पोचेपर्यंत उन्हानं डोकं फुटायची वेळ आली होती. मी चपला न काढता आत गेलो, माळ्यावरून तवे उतरवले, काटा मागे सरकवला आणि तेच पद लावलं.

अक्का स्वयंपाकघरातून आली ती मला मारायलाच, हातात उलथनं. दारातच थबकली. कर्ण्यातून एक भरदार, शांत आवाज येत होता. दारातून "कोण आहे?" म्हटलं तर दूधवाला फसावा असा. तवा संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग खाली बसली आणि म्हणाली, "काय केलंस?" मी काटा दाखवला. तिनं उलथन्यानं मला दोन दिल्या, त्या मी घेतल्या. मग तिनं पुन्हा तवा लावला आणि हळूच, पुटपुटत, त्यात आपला आवाज सोडला. कुठे चिमटा नाही, कुठे शीर नाही. माझ्या अंगावर काटा आला.

पण बुवांकडे परत जायला ती तयार होईना. "एकदाच, असं ठरलं होतं. मी नानांना शब्द दिलाय. पुन्हा तोंड वर करून जाऊ?" नानांनाही मी काट्याची हकीकत सांगितली, त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, "म्हणजे तू सांगतोस की दोष बाज्याचा. बुवांनी तेच सांगितलं होतं." अक्षय्य तृतीया दोन दिवसांवर आली होती. मग मी माझ्या पद्धतीनं शहाणपण केलं. सायकल मारत कंपूत गेलो आणि बुवांना म्हणालो, "बुवा, सरदारांकडून एक नवा तवा आलाय. कोण बाई आहेत माहीत नाही, पण तुमच्या घरातल्या चिजेची चाल उचललीय. तुमच्याच जागा, तुमचंच वळण." नाटकातली बरीच पदं जुन्या चिजांच्या, म्हणजे बंदिशींच्या, चालींवर बांधलेली असत आणि अक्काचं पद बुवांच्या घरच्या चिजेवरचं होतं, इतपत मला कळत होतं; त्या दिवशीच्या घोडदौडीत ते बुवांच्या ध्यानातच आलं नव्हतं. बुवांचा चेहरा तांबडा झाला. "आमची चीज? तव्यात? कोण ही चोरटी?" ते जोड्यात पाय घालतच निघाले. टांग्यात मी त्यांना एकच अट घातली, की बाजा आतल्या खोलीत आहे, बायकामाणसं बसतात, तेव्हा तुम्ही बैठकीत बसून नुसतं ऐका, बोलू नका. शब्दही नाही.

चारच्या सुमाराला आई काकूंकडे हळदीकुंकवाला गेलेली असायची आणि अक्का तव्याबरोबर एकदा म्हणून मग एकटी म्हणायची, हे मला ठाऊक होतं. बुवांना पडद्याबाहेर गादीवर बसवून मी आत गेलो तेव्हा तिचं एकटीचं सुरू व्हायचं होतं. बाहेर तवा लागल्यासारखं वाटावं म्हणून मी सुई एका वाजून संपलेल्या तव्याच्या शेवटच्या रेघेवर टेकवली. खर्र, खर्र, खर्र.

"हे काय?" अक्का म्हणाली.

"नवी सुई घासून घेतोय. तू म्हण."

ती गाऊ लागली. मी पडद्याच्या फटीतून एक डोळा बाहेर ठेवला. बुवा आधी ताठ बसले होते, भांडायला आल्यासारखे. मुखडा झाला आणि त्यांची पाठ जराशी सैल पडली. एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली: नाना कचेरीतून लवकर आले होते. ते बैठकीत शिरले, बुवांना पाहून चकित झाले, काही बोलणार तोच बुवांनी तोंडावर बोट ठेवून त्यांना खाली बसवलं. नाना पगडी मांडीवर घेऊन बसले.

आणि माझा सगळा हिशेब चुकला तो इथे. तव्याची एक बाजू तीनेक मिनिटांत आटपते, हे मला माहीत होतं. अक्काला आता त्याचं भान उरलं नव्हतं. ती पद संपवीचना. अंतरा झाला, ती पुन्हा मुखड्यावर आली, सुराची एक जागा घेतली, ती पसंत पडली नाही म्हणून परत घेतली. इकडे बाज्याची चावी उतरत आली. खर्र, खर्र लांबत लांबत गेली, एक दीर्घ सुस्कारा टाकून थांबली. माझ्या हातात चावीचं हँडल, पण फिरवलं तर आवाज होणार. बाजा बंद, आणि गाणं चालू! मी देवाचं नाव घेऊन फटीतून पाहिलं. नाना पडद्याकडे पाहत होते. त्यांचं गाण्याचं अज्ञान अगाध असलं तरी तो आवाज ते तिच्या जन्मापासून ओळखत होते.

अक्कानं तीच जागा तिसऱ्यांदा घेतली आणि घाईनं खाली उतरली. तोच बाहेरून बुवांचा खणखणीत आवाज आला.

"उतरू नकोस. पंचमावर थांब. तो लागू दे, मग उतर."

आत अक्काचा आवाज तुटला. ती माझ्याकडे पाहू लागली, मग बंद पडलेल्या बाज्याकडे, मग पडद्याकडे. बुवांना केव्हा कळलं हे मी पुढे त्यांना कितीदा विचारलं असेल. दर वेळी ते वेगळं सांगत, आणि मला वाटतं त्यांना स्वतःलाच ते माहीत नव्हतं. त्या वेळी मात्र बाहेर फक्त नाना बोलले, अगदी हळू.

"बुवा, तव्याला सांगताय?"

"बोलू नका, नाना," बुवा म्हणाले. "पोर शिकते आहे."

वाळ्याच्या ताटीचं पाणी ठिबकत होतं. अक्कानं पदर खांद्यावरून नीट ओढून घेतला, पाठ सरळ केली, डोळे मिटले. मग तिनं पंचम लावला, आणि त्यावर थांबली.